झेलोटिपिया कुठं तोडायचा?

मद्रासेत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर बोलावं आणि त्यानं हसून मान डोलवावी! तंजावरकडून आलेल्या आमच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ही सोय भोगली. भाजीवालीसमोर भोगली, डॉक्टरसमोर भोगली, घरमालकासमोर तर फारच भोगली. १९५४च्या नोव्हेंबरात एग्मोरच्या बसमध्ये राघोत्तमनं ती भोगायला घेतली आणि पुरता फसला.

बाहेर पावसानं झोड उठवली होती. खिडक्यांवरची ताडपत्री खाली सोडलेली, आत ओल्या कपड्यांचा आणि मोगऱ्याचा वास कोंडलेला. राघोत्तमच्या मांडीवर प्रुफांचा गठ्ठा होता. त्याच्या अगदी शेजारी एक मुलगी येऊन उभी राहिली आणि तिच्या मिटलेल्या छत्रीतून पाणी गळायला लागलं... टप्... टप्... थेट पहिल्या पानावर.

तो सरळ समोर बघत पुटपुटला, “एवढी मोठी बस, आणि हिला उभं राहायला माझ्याच डोक्यावर जागा मिळाली! आणि नाक पाहा नाक... छत्रीची मूठच लावूनशान पाठवलीय देवानं.”

“नाक आमच्या आत्याचं आहे,” वरून आवाज आला. मराठीच, आणि तंजावरचीच मराठी! “काही सांगायचं असलं तर तिरुवल्लिक्केणीला येऊनशान तिलाच सांगा.”

राघोत्तमचे कान आधी लाल झाले, मग मान. तो असा ताडकन उठला की प्रुफं घसरली. तिनं ती वरच्यावर झेलली, त्यानं तिची छत्री धरली, आणि एग्मोर येईपर्यंत ती त्याच्या जागेवर बसून त्याचे कागद पदरानं टिपत राहिली. एकदाच तिनं वर पाहिलं. तो घाईघाईनं ताडपत्रीकडे बघायला लागला.

उतरल्यावर दोघं एकाच दिशेला वळले. एकाच गल्लीत शिरले. एकाच दाराशी थांबले. दारावर पाटी होती — चंद्रमौळी प्रेस. राघोत्तम तिथेच प्रुफं तपासायला होता.

मुलीचं नाव कनका. मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचणाऱ्या मुलीची जागा आहे म्हणून ऐकून आलेली. मालक चंद्रमौळींनी चष्मा सारखा करत विचारलं, आवाज कसा आहे? कनकानं तोंड उघडायच्या आत राघोत्तम म्हणाला, “खणखणीत आहे सर. बसमध्ये ऐकलाय.”

आणि कनकाला त्याच्या समोरची खुर्ची मिळाली.

आता ही खुर्ची म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एक लेखकाचा मूळ कागद मोठ्यानं वाचतो, ‘कॉमा’, ‘फुलस्टॉप’, ‘कॅपिटल’ सगळं म्हणत. दुसरा छापलेल्या प्रुफावर बोट ठेवून ऐकतो. वाचायची कनका, ऐकायचा राघोत्तम. मधे एक अरुंद टेबल. दिवसाचे सहा तास तिचा आवाज आणि त्याचा कान.

चंद्रमौळी प्रेसमधे आणखी एक भानगड होती. खिळे जुळवणारे म्हातारे रामस्वामी हाताचे मोठे चपळ, पण इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नसे. ते अक्षरं आकारावरून ओळखत. ओळ भरली की शब्द मिळेल तिथे तोडत, नारळ फोडावा तसा. लेखक चिडून पत्रं लिहीत. म्हणून राघोत्तमनं एक जाड वही घातली होती. तिचं नाव तोडवही. ओळीच्या शेवटी येणारा प्रत्येक नवा शब्द कुठे तोडायचा, ते ठरवून तिथे लिहायचं आणि खाली दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं. क आणि रा. दोन्ही अक्षरं पडल्याशिवाय शब्द तुटत नसे.

कनकाला त्यानं एकच नियम शिकवला होता. शब्द हळू म्हण, जीभ जिथे टेकते तिथे तोड. ती पेन्सिलीनं टेबलावर ठेका धरून शब्द म्हणे आणि तो डोळे मिटून ऐके. तीन वर्षांत त्या वहीत हजारभर शब्द झाले, प्रत्येकाखाली क आणि रा शेजारी शेजारी. दुपारी तीनला कनका घरून आणलेल्या कूजाचं, म्हणजे पितळी फिरकीच्या तांब्याचं, झाकण फिरवी आणि दोन टंबलर फिल्टरची कापी ओती. पहिला, फेसाळ, दाट, तो त्याचा.

एवढं असून काय? इंग्रजीतल्या भल्याभल्या शब्दांची हाडं मोकळी करणाऱ्या या गृहस्थाच्या तोंडून कनकाला हवा तो एक शब्द काही निघेना. ‘कनकाबाई, तुम्ही’च्या पुढे गाडी सरकत नव्हती.

मग १९५७चा ऑक्टोबर आला आणि मिस एच. सुंदरी आली.

निमित्त झालं एका मोठ्या पुस्तकाचं. डॉक्टर कृष्णस्वामी म्हणून मनाच्या आजारांचे एक नामांकित वैद्य. त्यांचा आठशे पानांचा ग्रंथ चंद्रमौळींना मिळाला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं — शब्द वेडेवाकडे तुटले तर दुसरा प्रेस बघीन. ग्रीक आणि लॅटिनचं जंगलच होतं ते. म्हणून चंद्रमौळींनी इंग्रजीत ऑनर्स केलेली एक मुलगी आणली. टेबलाला तिसरी खुर्ची लागली, खुर्चीसमोर मोठा जाडजूड शब्दकोश आला.

सुंदरी गोरी होती, नाकानं बसकी, आणि डोळे असे की बघणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. तिची इंग्रजी झुळझुळीत, तमिळ त्याहून. कनकानं पहिल्याच दिवशी मान खाली घालून, कागद चाळता चाळता, मराठीत निकाल दिला.

“आली पाहा नकटी. नाकाला जागा नाही आणि चष्मा कुठे टेकवते कोण जाणे.”

राघोत्तमला खोकल्याची उबळ आली. सुंदरीनं हसून कनकाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “काही म्हणालात?”

“पाऊस येणार म्हणाले,” कनकानं तमिळमधे सांगितलं.

सोय होती ना! मग कशाला सोडायची?

सुंदरीला हा जिभेचा नियम पटला नाही. ती म्हणे, शब्दाला घडण असते. मूळ असतं, त्याला पुढून जोडतात, मागून जोडतात. सांध्यावर तोडावा, मधेच हाड मोडू नये. आणि एकेक शब्द उलगडून ती त्याच्या पोटातले दोन जुने शब्द बाहेर काढून दाखवी. राघोत्तम पुढे झुकून बघे. डोळे चमकत त्याचे! “अस्सं? म्हणजे हा ग्रीक? आणि हा मागचा तुकडा लॅटिन?” तीन वर्षांत कनकाच्या ठेक्यावर त्यानं डोळे मिटले होते. हिच्या शब्दांवर तो डोळे उघडून बसायला लागला होता. कनकानं हा फरक टिपला. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही आता.

ती मोजायला लागली. आज तो सुंदरीकडे किती वेळा वळला — अकरा. काल सात. सुंदरीनं त्याला खोडरबर दिला तेव्हा बोटं लागली का? लागली नसावीत... पण लागली असती तर? तीन वाजता कूजा उघडला की आता तीन टंबलर मांडावे लागत. शिष्टाचार म्हणून. तिसरा, तळाचा, बिनफेसाचा आणि कोमट, तो सुंदरीचा.

“घे नकटे,” असं मराठीत म्हणून, वर गोड हसून, कनका तो तिच्यापुढे सरकवी. सुंदरी दोन्ही हातांनी टंबलर धरून थेंब न् थेंब पिई. “थँक यू, कनका.”

तोडवहीतही आता खाली तीन अक्षरं पडायला लागली. क, सु, रा. ‘सु’ मधे! कनकानं दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं अक्षर उजवीकडे, अगदी ‘रा’ला चिकटून घालायला सुरुवात केली. माणूस हसेल, पण जळणाऱ्याला एका अक्षराची जागासुद्धा सोडवत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस कनकाला चार दिवस रजा घ्यावी लागली. अर्जात तिनं लिहिलं, कुंभकोणमहून पाहुणे येणार आहेत. पाहुणे म्हणजे गुरुराज नावाचा एक शांत, भला मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगी पसंत पडली. वडील म्हणाले, “जबरदस्ती नाही गे. पण रविवारपर्यंत एक शब्द सांग. लोकांना ताटकळत ठेवू नये.”

ती शुक्रवारी कामावर परतली. राघोत्तम सुकल्यासारखा दिसत होता. “पाहुणे... आले होते?” एवढंच त्यानं विचारलं.

“आले होते. गेले.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक करायला लागला. टोक आधीच होतं.

त्या दिवशी नेमकं अकरावं प्रकरण निघालं. बाहेर पाऊस कोसळत होता, जवळच्या एग्मोर स्टेशनातल्या गाड्यांच्या शिट्या भिजून आत येत होत्या. कनकानं मूळ कागद उचलला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. मथळा कॅपिटलमधे. झेलोटिपिया.

“मत्सर,” सुंदरीनं शब्दकोशातून मान वर न करता इंग्रजीत अर्थ सांगितला. “विकोपाला गेलेला.”

आणि वाचणाऱ्याला काय, कागदावर असेल ते वाचावंच लागतं! डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं आणि कनका वाचत होती: या आजाराचा रोगी बाहेरून शहाण्यासारखा वागतो, कॉमा, पण त्याचं लक्ष सदैव एकाच माणसावर असतं, फुलस्टॉप. ते माणूस कुणाकडे पाहतं, कॉमा, किती वेळा पाहतं, कॉमा, याची तो मनाशी नोंद ठेवतो, फुलस्टॉप...

कनकाचा आवाज जरा खाली आला.

प्रतिस्पर्ध्याशी तो वरकरणी गोड वागतो, कॉमा, मात्र खाण्यापिण्याच्या वाटपासारख्या क्षुल्लक गोष्टींत —

ती थांबली. टेबलावर दुपारच्या कापीसाठी मांडलेले तीन रिकामे टंबलर होते. डॉक्टर कृष्णस्वामींना कुणी सांगितलं हे? तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. पुढच्या तीन ओळी तर तिनं डोळ्यांनी नुसत्या पाहिल्या आणि तिला धरणी दुभंगावी असं वाटलं. ती सरळ पुढच्या परिच्छेदावर उडी मारून वाचायला लागली.

राघोत्तमचं बोट थबकलं. “कनकाबाई... इथे आणखी तीन ओळी आहेत. छापलेल्या आहेत. तुम्ही वाचल्या नाहीत.”

“आहेत,” सुंदरी म्हणाली. आणि तिनं त्या तीन ओळी प्रुफावरून स्वतः वाचून दाखवल्या, स्वच्छ, शांत आवाजात. त्यांत लिहिलं होतं की रोगी सहसा आपलं प्रेम बोलून दाखवत नाही, कारण नकार ऐकण्यापेक्षा जळत बसणं त्याला सोपं वाटतं.

कनकानं कागद चेहऱ्यापुढे धरला.

तेवढ्यात पुढची ठेच लागली. ओळीच्या टोकाला रामस्वामींनी तोच शब्द तोडला होता, ‘झेल’वर. ‘ओटिपिया’ खालच्या ओळीत. कनकाला जणू आधार सापडला. तिनं पेन्सिल उचलून ठेका धरला. “झेल... ओ... टिप... इ... आ. जीभ ‘झेल’वर टेकते. बरोबर तुटलाय. राहू द्या.”

“नाही,” सुंदरी म्हणाली. “झेलोस म्हणजे ईर्ष्या. टिपोस म्हणजे ठोका, घाव. ईर्ष्येचा घाव. ‘झेलो’वर तोडला पाहिजे. ‘ओ’ वरच्या ओळीत हवा.”

“ठोका?” राघोत्तमला राहवलं नाही. “म्हणजे आपला टाइप त्यातलाच? हा खिळा?”

“त्यातलाच.”

“पाहा की हो! इतकी वर्षं हातात घेतोय आणि ठाऊक नाही...” तो हसून सुंदरीकडे वळला. आजची बारावी वेळ. कनका मोजत होतीच.

“‘ओ’ खालीच राहील,” ती ओरडली. इंग्रजीत, तमिळमधे, कशात ते तिलाही कळलं नाही. “वहीत मी माझं अक्षर घालणार नाही!”

आणि दारात चंद्रमौळी उभे होते. कधीपासून, देव जाणे. त्यांनी शांतपणे चष्मा काढून पुसला. “ओळी गाळल्यास, कनका. या पुस्तकात. डॉक्टरांना कळलं तर?” ते सुंदरीकडे वळले. “सोमवारपासून मूळ कागद तुम्ही वाचा, मिस सुंदरी. कनका खाली तमिळ शाळेच्या पुस्तकांवर बसेल.” आणि ते गेले. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

खुर्ची गेली. कनकानं हातातला कागद टेबलावर ठेवला, त्याच्या कडा जुळवल्या, उगाच पुन्हा जुळवल्या. रडायचं नाही असं ठरवलं आणि मग तिला आठवलं की आपल्याला एक सोय आहे. नकटीला काही कळत नाही. आता नाही बोललं तर रविवारी कुंभकोणमला होकार जाणार, सोमवारी ती खाली जाणार, संपलं.

ती मराठीत बोलायला लागली. राघोत्तमकडे बघत, आवाज अगदी सपाट ठेवून, जणू पुढचा परिच्छेदच वाचते आहे.

“डॉक्टरांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. मला हा रोग झालाय. ही आल्यापासून. तुम्ही हिच्याकडे किती वेळा पाहिलंत ते मला तोंडपाठ आहे. हिला तळाची कापी मी मुद्दाम दिली. ही वाईट नाही, मला ठाऊक आहे, आणि मणूनच मला ही सोसत नाही. कुंभकोणमचा मुलगाही चांगला आहे. पण मी तीन वर्षं एकाच माणसाला वाचून दाखवलंय, दुसऱ्याला मला वाचता यायचं नाही. हे तुम्हाला कधी सांगट्लं नाही, आज सांगट्लं. आता हिच्यासमोर चेहरा सरळ ठेवा, नाहीतर हिला संशय येईल.”

राघोत्तमचा चेहरा काही सरळ राहिला नाही. तोंड उघडं, हातातली पेन्सिल जमिनीवर.

“संशय कसला गे?” टेबलाच्या तिसऱ्या बाजूनं आवाज आला. “मला तर पहिल्या दिवसापासून खात्री आहे.”

मराठी! अस्सल, तंजावरची, किल्ल्याजवळच्या मराठा घरांतली, जरा ठसक्याची मराठी. कनकानं वळून पाहिलं. सुंदरीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

“एच म्हणजे काय मणून कुणीच विचारलं नाही मला,” सुंदरी म्हणाली. “हंबीरराव. माझे वडील.”

दोन महिने! कनकाच्या डोळ्यांपुढून दोन महिने झरझर गेले. नाकावरचं, चष्म्यावरचं, चालण्यावरचं, एकदा तर साडीच्या रंगावरचं... “अय्यो,” ती खुर्चीत बसली. “अय्यो, देवा.”

“तू रजेवर होतीस ना,” सुंदरी पुढे म्हणाली, “ते चार दिवस मी इथे बसून हे प्रूफ वाचत होते आणि हे समोर बसून पुटपुटत होते. यांना वाटतं, ओठ हलले नाहीत तर ऐकू येत नाही. काय म्हणत होते, मी सांगू, राघोत्तमराव, का तुम्ही सांगता?”

“न-नको,” राघोत्तम म्हणाला.

“देवा, कुंभकोणमच्या गाडीला इंजिनच मिळू देऊ नकोस, म्हणत होते. दुसऱ्या दिवशी, मुलाला निदान टक्कल तरी असू दे. तिसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. नुसती तोडवही उघडून पानं उलटत बसले होते. कुठलाही शब्द बघत नव्हते. खालची अक्षरं बघत होते.”

कनकानं मान वर केली. राघोत्तमचे कान लाल झाले होते, मग मान. अगदी बसमधल्यासारखे. म्हणजे यालाही? या घुम्यालाही तोच रोग? रागवावं की हसावं ते तिला कळेना, आणि डोळे मात्र भरून आले.

“मग बोलला का नाहीत?” ती म्हणाली. “तीन वर्षं!”

“भीती वाटली,” तो म्हणाला. “तू... तू नाही म्हणालीस तर समोरच्या खुर्चीत रोज कोण बसणार मणून. निदान आवाज तरी ऐकू येत होता.” तो थांबला. तो ‘तू’ म्हणाला होता. दोघांनाही ते एकदमच कळलं. “रविवारी मी माझ्या मामांना घेऊनशान तिरुवल्लिक्केणीला येतो. तुझ्या वडिलांना विचारतो. कुंभकोणमला काही कळवू नका तोवर. आणि... आत्याला नाकाबद्दल काय सांगायचं तेही सांगतो.”

“काय सांगणार?”

“माझं चुकलं, मणून. तसलं नाक मद्रासेत दुसरं नाही.”

कनका हसली, रडता रडताच. पदर तोंडाला लावला तरी हसू बाहेर येत होतं. मग तिला टेबलाची तिसरी बाजू आठवली आणि ते थांबलं. सुंदरी उठून खिडकीशी गेली होती. पाठमोरी.

“सुंदरीबाई,” कनका दबकत म्हणाली, “तुम्हाला सगळं कळत होतं. मग एकदाही का बोलला नाहीत? मला एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.”

“पहिल्या दिवशी देणारच होते.” सुंदरी वळली नाही. “मग ऐकत राहिले. वडील घरात इंग्रजी बोलतात, भाऊ तमिळ. मराठी बोलायची ती आई. तिला जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत या भाषेतला एक शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. आणि इथे तुम्ही दोघं दिवसभर... भांडत होता, हसत होता, मला नावं ठेवत होता. मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही गप्प झाला असता. माझ्यासमोर जपून बोलला असता.” तिनं खिडकीचं दार ओढून घेतलं. “आणि खोटं कशाला बोलू? राघोत्तमराव माझ्या शब्दांवर असे डोळे उघडून बघायचे तेव्हा मलाही वाटायचं काहीतरी. मग ते तुझ्याकडे वळून मराठीत बोलायचे. तो रोग तुला एकटीलाच होतो असं वाटलं काय?”

स्टेशनातून एक गाडी सुटली. कुंभकोणमची की कुठली, कोण जाणे.

पहिली सावरली ती सुंदरीच. ती येऊन खुर्चीत बसली आणि तिनं तोडवही पुढे ओढली. “चंद्रमौळींना मी सांगते, मूळ कागद वाचायला माझा घसा चालायचा नाही मणून. कनकानं पुन्हा ओळी गाळल्या तर मी आहेच इथे कान लावून. आता हा शब्द. कनका म्हणते ‘झेल’वर, मी म्हणते ‘झेलो’वर. राघोत्तमराव, कुठं तोडायचा?”

राघोत्तमनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शहाण्या माणसासारखा म्हणाला, “तोडायचाच नाही. अख्खा उचलून खालच्या ओळीत न्यायचा. वरची ओळ विरळ झाली तर होऊ दे.”

खालून रामस्वामींचा विरोध ऐकू येणार होता, पण तो नंतरचा प्रश्न. सुंदरीनं वहीत शब्द लिहिला, पुढे लिहिलं ‘अखंड’, आणि खाली आपलं अक्षर घातलं. डावीकडे, जरा लांब. मधे भरपूर जागा सोडून. मग वही तिनं कनकापुढे सरकवली.

कनकानं ती जागा पाहिली. तिला आपल्या चिकटून घातलेल्या सगळ्या ‘क’ची लाज वाटली. तिनं पेन्सिल घेतली आणि या वेळी आपलं अक्षर सुंदरीच्या अक्षराला लागून घातलं. राघोत्तमला जी जागा उरली, तिथे त्यानं आपलं घातलं. तो कुठेही घालायला तयार होता.

तीन वाजून गेले होते. कनकानं टंबलर विसळून आणले आणि कूजाचं झाकण फिरवलं. कापीचा वास खोलीभर पसरला. पहिला टंबलर तिनं भरला, दाट, काठोकाठ फेसाचा. राघोत्तमनं सवयीनं हात पुढे केला. कनकानं तो चुकवून टंबलर टेबलाच्या तिसऱ्या बाजूला ठेवला.

“घ्या, सुंदरीबाई.”

सुंदरीनं टंबलर उचलला नाही. ती नुसती वाफेकडे बघत होती.

“असं नको गे,” ती म्हणाली. तिचा झुळझुळीत आवाज पहिल्यांदाच अडखळला. “आधी म्हणायचीस तसं म्हण. नकटी मणून. आई मला तेच म्हणायची... नावानं तिनं कधी हाक मारलीच नाही.”

खणखणीत आवाजाची ख्याती होती कनकाची, पण तो शब्द काढायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“घे नकटे,” ती म्हणाली. “कापी निवते.”